तिसऱ्या ठोक्यानंतर

रविवारी सगळ्यांच्या आधी मी येते.
सेक्टर आठ, ऐरोली. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही.
जिन्यात रंगाचे डबे, आणि भिंतीवर खडूचा बाण: उपासना वर.
लॅपटॉप उघडते. देवाच्या आधी तो बोलतो:
अपडेट आत्ता की नंतर?
नंतर.

शलमोनकाका हल्ली तिसऱ्या रांगेत बसतात.
डावा हात गेला. म्हणजे आहे,
मांडीवर ठेवलेला असतो,
दुसऱ्या कुणाची पिशवी सांभाळायला घ्यावी तसा.
त्याआधी एका गुरुवारी, माइक तपासायचा म्हणून,
मी त्यांची ढोलकी आठ आवर्तनं टिपून ठेवली होती.
त्यातलं एक कापलं, कडा जुळवल्या,
सॉफ्टवेअरनं विचारलं, सरळ करू?
कर म्हटलं.
आता तेच एक वाजतं,
वाजतं,
वाजतं,
दर फेरीला त्याच जागी अंगठीचा टण्.

माझ्या कानात क्लिक.
कानात एक परदेशी गृहस्थ, विकत घेतलेल्या ट्रॅकवर फुकट आलेला.
चार मोजतो आणि म्हणतो, "ब्रिज."
मला दरवेळी ऐरोलीचा पूल दिसतो,
खाली खाडी, चिखलात एका पायावर फ्लेमिंगो.
निमसे पाळकांची प्रार्थना लांबते
तेव्हा मी मागे एक सूर धरून ठेवते.
मी त्याला डी म्हणते, काका पांढरी दोन.
सूर थांबतो हवा तितका.
ठेका नाही थांबत.
सुवार्ताआजी चष्मा काढतात, पुसतात, पान शोधतात,
तोवर कडवं पुढच्या स्टॉपवर.
त्या मागून ओठ हलवत येतात
आणि आमेनला तेवढ्या हजर.

चहाच्या वेळी काका म्हणाले,
"पोरी, ते वाजवतंय कोण?"
"तुम्हीच की."
"अंगठी माझी आहे. हात माझा नाही."
उजव्या हाताने खुर्चीच्या पाठीवर वाजवून दाखवलं.
"हे बघ. तिसऱ्या ठोक्यानंतर मी जरा रेंगाळायचो.
तिथं म्हाताऱ्या श्वास घ्यायच्या.
कुणी शिकवलं नाही. नगरला आमच्या मंडळीत
सगळ्या म्हाताऱ्याच होत्या."
मग बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
आणि त्यांचं सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं.

रात्री मूळ फाइल उघडली.
खरंच, तिसऱ्यानंतरचा उंचवटा रेषेवर नव्हता.
पहिल्या आवर्तनात एकेचाळीस मिलिसेकंद उशीर.
दुसऱ्यात तेवीस.
कंपनीत असलं काही सापडलं की मी तिकीट टाकते:
दोष, तीव्रता कमी.
एवढ्याशा फटीत श्वास कसा मावतो, मला माहीत नाही.
पण सहाव्यात चक्क दोनशे नव्वद.
आवाज वाढवून ऐकलं.
लांब कुठेतरी कुणी खोकलं होतं,
आणि काका खोकला संपेपर्यंत थांबले होते.
हॉलमध्ये त्या गुरुवारी आम्ही दोघंच होतो.

पुढच्या रविवारी आठही लावली, होती तशी वाकडी.
क्लिक बंद. त्या गृहस्थालाही सुट्टी.
बेसवर रोशन डोळे वटारून बघत होता,
दोनदा चुकला, मग पायाने धरायला लागला.
आजींना पान सापडलं का, ते बघायचं राहूनच गेलं.
सहाव्या आवर्तनात माझा जुना खोकला आला,
स्पीकरमधून, दोन्ही बाजूंनी.
काकांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं,
आणि उजव्या हाताने
खुर्चीखालची पाण्याची बाटली थोडी पुढे सरकवली.

आठ संपली की पुन्हा पहिलं. लूप तो लूपच.
दुसऱ्या फेरीला खोकला आला तेव्हा मागे मुलं हसली.
तिसऱ्या फेरीला
अख्खी मंडळी त्याच्यासाठी थांबली.